खळ्यावरचं लष्करी इस्पितळ

आमच्या घरातून आजवर सतरा जीव फौजेत गेले. सोळा जण नायक, हवालदार, सुभेदार झाले. सतरावं खेचर होतं, आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच्या गळ्यात आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पदकं होती. अधिकारी मात्र एकही झाला नाही. ओढ्यापलीकडच्या घरात बघा, दोन मेजर आणि वर एक डॉक्टर कर्नल. त्यांचा कुत्रा वाटेत आडवा आला तरी आमच्या माणसांच्या टाचा आपोआप जुळतात.

माझा थोरला भाऊ मुद्दय्या सुभेदार मेजर म्हणून घरी आला, त्याला आता तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षं रोज सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला की तो ओढ्याकडे बघतो आणि पेला जरा जोरात खाली ठेवतो. त्या आवाजाने आमच्या कोंबड्या उठतात.

माझं म्हणाल, तर मी फौजेत बावीस वर्षं रुग्णवाहिका चालवली. माझ्या गाडीत एकही जखमी दगावला नाही. वळणं मी अशी घ्यायचो की मरायला कोणाचं चित्तच लागायचं नाही.

तर यंदा मे महिन्यात मुद्दय्याच्या नातीला, चोंदम्माला, पत्र आलं. तिचे आईबाप आसामात, बापाच्या छावणीत. पोर शिकायला आजीआजोबांकडे. पत्र होतं लष्कराच्या नर्सिंग कॉलेजच्या मुलाखतीचं. गुरुवारी बेंगळुरूला हजर व्हायचं, सोबत अर्जावर पालकाची सही. चार वर्षं बीएस्सी नर्सिंग, आणि पास झाली की थेट लेफ्टनंट. घरातली पहिली अधिकारी! मी ओरडलो, वहिनी ओरडली, कुत्री भुंकली. मुद्दय्याने पत्र वाचलं, चौघडी घातली आणि खिशात टाकलं.

"डॉक्टर व्हायचं," तो म्हणाला. "एमबीबीएस. थांब एक वर्ष, परीक्षा पुन्हा दे."

"अज्जा, मी नर्सिंग आधीपासूनच मागितलंय," चोंदम्मा म्हणाली.

"खळ्यावर चला सगळे," मुद्दय्या म्हणाला.

फौजेतला माणूस प्रश्न तोंडाने सोडवत नाही, जमिनीवर मांडतो. कॉफी वाळवायचं आमचं खळं मे महिन्यात रिकामंच असतं. मुद्दय्याने त्यावर मातीचा डोंगर रचला, माथ्यावर काडीचं निशाण लावलं आणि खालून वाटा आखल्या. मिरीच्या दाण्यांची वाट एमबीबीएसची. वेलदोड्यांची नर्सिंगची. सुपाऱ्यांची दातांच्या डॉक्टरची. कॉफीच्या बियांची एक वाट अर्ध्यातच संपत होती, कारण वहिनीने येऊन उरलेल्या बिया परातीत भरून नेल्या.

"निशाण म्हणजे अधिकारीपद," काठी टेकवत मुद्दय्या म्हणाला. "मिरीची वाट. साडेपाच वर्षं. चढण खडी. पण माथ्यावरून पलीकडचं घर खाली दिसतं."

"आणि वेलदोड्यांची?"

"चार वर्षं. वळसा घालून जाते."

"पोचते ना पण त्याच निशाणापाशी?"

"पोचते. मला शिकवू नकोस. नर्सिंग ऑफिसरला मी आयुष्यभर सलाम ठोकलेत. पण डॉक्टर हुकूम देतो आणि नर्स तो पाळते. आपल्या घरात हुकूम पाळणारे सोळा झाले. मला हुकूम देणारी पाहिजे."

"जनावरांची डॉक्टर हो," मी मध्येच म्हणालो. "फौजेत तेही अधिकारी असतात. घोडा कधी तक्रार करत नाही, आणि खेचराची आपल्या घराला ओळख आहे."

"उत्तय्या, तू गप्प बस," तिघेही एकदम म्हणाले.

चोंदम्मा मातीच्या डोंगराशी उकिडवी बसली. "अज्जा, दोन वर्षांपूर्वी अव्वाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी लष्करी इस्पितळात बारा दिवस तिच्याजवळ होते. शेजारच्या खोलीत एक ब्रिगेडियर होता. अशा मिशा की दारातून आधी त्या आत यायच्या. डॉक्टर आले की तो त्यांच्याशी गोल्फच्या गप्पा मारायचा. पण मेजर सिस्टर आल्या की खाटेवर सरळ बसायचा आणि म्हणायचा, 'सिस्टर, एनिमा आज नको ना, उद्या घेतो.' आणि त्या म्हणायच्या, 'कूस बदला.' बदलायचा! मला ते व्हायचंय."

"खोटं!"

"खरं आहे," वहिनी म्हणाली. "माझा एक डोळा बांधलेला होता, दुसऱ्याने मी बघितलंय."

मुद्दय्याने मिशी ओढली. "ब्रिगेडियर मऊ असेल. पायदळातल्या माणसाला कोणी असं लोळवू शकत नाही."

"मग सराव लावा," चोंदम्मा म्हणाली.

सराव म्हणजे लुटुपुटूची लढाई. तो शब्द कानावर पडला आणि म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले की मला वाटलं पत्र आता खिशातच पेट घेतं. अटी तिथेच ठरल्या. शनिवार-रविवार खळ्यावर इस्पितळ. चोंदम्मा नर्सिंग ऑफिसर. रविवारी सूर्य मावळायच्या आत रुग्ण तिच्या डिस्चार्जशिवाय इस्पितळाबाहेर पडला, तर तिने वर्षभर थांबून डॉक्टरकीची परीक्षा द्यायची. नाही पडला, तर मुद्दय्याने अर्जावर सही करायची.

"आणि रुग्ण कोण?" वहिनीने विचारलं.

"मी!" मुद्दय्या छाती ठोकून म्हणाला. "दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. खोटे आजारी पकडण्यात माझी हयात गेली. पळून जायच्या सगळ्या वाटा मला पाठ आहेत."

सरावाला पंच लागतो. आसपास पंच व्हायच्या लायकीचा एकच माणूस, ओढ्यापलीकडचे कर्नल कुट्टप्पा. मुद्दय्याला ते निरोप पाठवणं एरंडेल पिण्यासारखं होतं, पण नियम म्हणजे नियम. कर्नलसाहेब शनिवारी सकाळी दंडाला पांढरी पट्टी बांधून हजर झाले. रविवारी त्यांच्या घरी पुतणीचं लग्न होतं, अंगणात मांडव उभा राहत होता, तरी आले.

"मुद्दय्या, एक नियम आधी सांगतो," ते म्हणाले. "इस्पितळाचा निळा पायजमा अंगात चढला की हुद्दा खुंटीला. मग तो शिपाई असो की जनरल."

"माहीत आहे, साहेब," मुद्दय्या म्हणाला. "तासाभरात बाहेर पडतो. उद्या तुमच्या मांडवात पहिलं नाचणं माझंच."

तो निळा पायजमा माझ्या पेटीतून निघाला. तो तिथे कसा आला, हे सरकारने मला अजून विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

खळ्यावर छपराच्या सावलीत खाट टाकली. डोक्याशी पुठ्ठा: खाट क्रमांक एक. मुद्दय्या निळा पायजमा आणि पायात मोजे घालून राजासारखा आडवा झाला.

"चोंदी, कॉफी आण!"

"पेशंट, तोंड उघडा," चोंदम्मा म्हणाली, आणि त्याने हुकूम द्यायला उघडलेल्या तोंडात थर्मामीटर बसला. तीन मिनिटं म्हातारा गप्प! आमच्या घरातली ती सगळ्यात लांब शांतता. वहिनी ती ऐकायला स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि डोळे मिटून उभी राहिली.

जेवायला पेज आली.

"हे काय? मला डुकराची पंदी करी पाहिजे. सोबत तांदळाचे गोळे, कडंबुट्टू पाहिजेत."

"पथ्य आहे."

"मला काय झालंय?"

"ते बघायलाच तर भरती केलंय."

संध्याकाळी रम नाही. चहासुद्धा साखरेवाचून. चोंदम्माने घरातली साखर कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली. उगाच नाही, दोन वर्षांपूर्वी मुद्दय्याच्या रक्तात साखर निघाली होती. औषधाच्या गोळ्या तो कोंबड्यांना घालायचा. त्या कोंबड्यांनी मग कधी गोड तोंडात घेतलं नाही.

माझ्याने हे बघवेना. भावाचं रक्त आहे शेवटी. मी पंदी करीचा डबा टोपीत घातला, टोपी डोक्यावर चढवली आणि विचारपूस करायला निघालो. रस्सा कानामागून उतरत होता तरी मी चेहरा दुःखी ठेवला. खाटेपासून चार पावलांवर चोंदम्माने मला अडवलं. मनगट धरलं, घड्याळात बघितलं.

"अंगाला डुकराचा वास, डोळे पळपुटे, नाडी खोटारडी," ती म्हणाली. "धाकटे अज्जा, भरती."

"अगं, मी तर—"

"खाट क्रमांक दोन."

पंच साहेबांकडे बघितलं, तर त्यांनी मान डोलावली. टोपीतली करीही जप्त झाली. पुरावा म्हणून ती वहिनीने आणि पंचांनी बसून संपवली.

आता दोघे शेजारी शेजारी. मी कुजबुजलो, "अण्णा, ती पाणी आणायला गेलीय. कुंपण हाताच्या अंतरावर आहे. उडी मार."

"शिस्त म्हणजे शिस्त," तो छपराकडे बघत म्हणाला.

मी चाट पडलो. हा माणूस ऐन उमेदीत छावणीच्या आठ फुटी भिंतीवरून सिनेमाला गेलेला. बरं, परतताना तीच भिंत त्याने पलटणीच्या बकऱ्यासकट ओलांडली होती. आणि आज कंबरेएवढं कुंपण बघून म्हणे शिस्त! मला वाटलं, पेजेने माणूस बिघडतो.

रविवारी सकाळी कर्नलसाहेब फेरीला आले. लग्नाचा काळा कुप्या, गुडघ्यापर्यंतचा झगा, अंगात, कमरेला चांदीच्या म्यानातली कट्यार, दंडाला पांढरी पट्टी. "काय मुद्दय्या, बरं आहे?" "उत्तम, साहेब!" "जीभ दाखव. छान." छातीला नळी लावली, दोन थापा मारल्या आणि गेले. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"बघितलंस?" मुद्दय्या चोंदम्माला म्हणाला. "ह्याला म्हणतात डॉक्टर. आला, बघितलं, गेला. रुबाब!"

ती पाठीमागच्या उशा नीट करत राहिली.

अकरा वाजले आणि ओढ्यापलीकडे वालग सुरू झालं.

वालग काय असतं ते आमच्या डोंगरात कोणाला सांगावं लागत नाही. सनई आणि ढोल कानावर पडले की आमची माणसं चालता चालता नाचतात, भांडता भांडता नाचतात. भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरी वाकड्या होतात, मी स्वतः सरळ केल्यात. एकदा वालगाच्या वेळी न्हाव्याने वस्तरा धरलेला होता, म्हणून माझी डावी भुवई अशी आहे. पहिल्या ठेक्याला माझी खाट हलायला लागली. दुसऱ्याला तीवरची चादर उडाली. वहिनी पेजेचं भांडं घेऊन आली ती गिरक्या घेतच. मी उताणा पडून दोन्ही हात, दोन्ही पाय हवेत नाचवत होतो, उलटलेल्या झुरळासारखा.

"अण्णा! लग्न निघालं! पळ आता!"

मुद्दय्याच्या कपाळावर घाम होता. दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या होत्या. चादरीखाली त्याचा पाय ठेका धरून थडथड उडत होता. चोंदम्मा खाटेच्या पायथ्याशी उभी राहून ते बघत होती. ती एकटीच नाचत नव्हती.

"धाकटे अज्जा," ती म्हणाली, "यांचा डावा पाय का नाचत नाही?"

"म्हातारा झालाय तो."

"उजवा त्याच वयाचा आहे."

मी नाचायचा थांबलो. खरंच, चादरीखाली एकच पाय उडत होता. दुसरा लाकडासारखा पडून होता.

"आणि मे महिन्यात मोजे," ती म्हणाली. "कालपासून."

"मोज्याला हात लावायचा नाही!" मुद्दय्या गरजला. पलीकडे ढोल क्षणभर चुकला, असा आवाज. "हा हुकूम आहे!"

"कोणाचा?"

मुद्दय्याने तोंड उघडलं. खाली निळ्या पायजम्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"पाय पुढे करा," चोंदम्मा म्हणाली. त्याने केला.

मोजा निघाला तेव्हा वहिनीने भांडं खाली ठेवलं. अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता, कडेने काळपट, आणि वास येत होता. तीन आठवड्यांपूर्वी बागेत संत्र्याचा काटा घुसला होता. साखर असलेल्या पायाला दुखलंही नाही म्हणे. मग वास यायला लागला तेव्हा हा घाबरला आणि त्याने मोजे चढवले. कुंपणापाशी आठवलेली शिस्त ती हीच.

"अज्जा," चोंदम्मा म्हणाली. मग बाहीने नाक पुसून ती कामाला लागली. हात धुतले. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुतली, स्वच्छ फडकं सैल गुंडाळलं, पाय उशीवर उंच ठेवला. "अव्वा, साहेबांना बोलाव. नाचत असले तर नाचत येऊ देत, पण आत्ता. धाकटे अज्जा, गाडी काढा. डिस्चार्ज नाही, तात्पुरती सुट्टी आहे."

आमची जीप त्या दिवशी नवरीसाठी फुलांनी सजवून पलीकडच्या मांडवात उभी होती. मी ओढ्यातून गेलो, नवरीचे दोन मामा आत बसले होते त्यांना उतरवलं आणि परत आलो. कर्नलसाहेब धापा टाकत आले, अंगठा बघितला, आणि त्यांचा चेहरा लग्नाचा राहिला नाही.

"अजून आठवडा गेला असता तर अंगठा गेला असता, मुद्दय्या. कदाचित पाऊलही. सकाळी मला का नाही दाखवलंस?"

"तुम्ही जीभ मागितली, साहेब. जीभ दाखवली."

तालुक्याच्या इस्पितळाचा पस्तीस मिनिटांचा रस्ता मी अकरा मिनिटांत कापला. झेंडूच्या माळा वाटेतच उडून गेल्या आणि तीन गावांत लोकांना वाटलं नवरी पळाली. तिथे जखम साफ केली, सुई दिली, औषधं दिली आणि आठ दिवस पाय खाली टेकायचा नाही असं बजावलं. चोंदम्मा सगळा वेळ शेजारी उभी राहून मलमपट्टी कशी करतात ते बघत होती, आणि मुद्दय्या तिच्याकडे बघत होता.

परत आलो तेव्हा ऊन डोंगराच्या शेंड्यावर होतं. मुद्दय्या पुन्हा खाट क्रमांक एकवर. मला वाटलं, आता मिटलं. पण म्हातारा उठून बसला.

"पंचसाहेब! निकाल द्या. रुग्ण सूर्य मावळायच्या आत इस्पितळाबाहेर गेला की नाही?"

"गेला, पण—"

"डिस्चार्ज होता की नाही?"

"नव्हता," चोंदम्मा म्हणाली. तिच्या हातात पट्टीची गुंडाळी होती, ती तिने घट्ट धरली. "मीच तात्पुरती सुट्टी म्हणाले होते."

"अटीत तात्पुरती सुट्टी नव्हती."

वहिनीने कपाळावर हात मारला. "अहो, लाज वाटू दे! पोरीने पाय वाचवला तुमचा!"

"लाज वेगळी, अट वेगळी. साहेब?"

कर्नल कुट्टप्पांनी दंडाची पट्टी सरळ केली. मग म्हणाले, "अटीप्रमाणे तू जिंकलास, मुद्दय्या. पण एक सांगतो. चौतीस वर्षं मी रोज सकाळी वॉर्डात शिरलो, आणि रोज माझा पहिला प्रश्न एकच असायचा. 'सिस्टर, आधी कोणाकडे बघू?' आज लग्नाच्या घाईत तेवढं विचारायचं राहिलं, आणि तुझा अंगठा जाता जाता राहिला."

चोंदम्मा मान खाली घालून गुंडाळी उलगडत आणि पुन्हा गुंडाळत होती.

"म्हणजे जिंकलो," मुद्दय्या म्हणाला. "तर मग ठरवणारा मी."

"हो, अज्जा."

"मग उभी काय राहिलीस? माझ्या सदऱ्याच्या खिशात पत्र आहे, ते आण. अर्ज आण. पेन आण. चांगलं आण, उत्तय्याचं नको, त्याचं पेनसुद्धा खोटं लिहितं."

तिने इतक्या जोरात धाव घेतली की मातीच्या डोंगरावर पाय पडून तो सपाट झाला. मिरी आणि वेलदोडे सगळे एकत्र सांडले, आणि दुसऱ्या दिवशीच्या करीत ते तसेच गेले.

मुद्दय्याने सही केली. खाली पालकाचा हुद्दा लिहायची जागा होती. त्याने मोठ्या झोकात लिहिलं, 'सुभेदार मेजर, निवृत्त'. मग पायजम्याकडे बघितलं, ते खोडलं आणि शेजारी लिहिलं: 'पेशंट'.

"अज्जा! खाडाखोड चालत नाही अर्जावर!" चोंदम्मा किंचाळली. "आता काय करू? दुसरा अर्ज नाहीये!"

"जे खरं ते लिहिलं!"

"खरं कोणी मागितलंय? हुद्दा मागितलाय!"

शेवटी कर्नलसाहेबांनी लग्नाच्या कुप्यातून आपला शिक्का काढला. ते तो अंघोळीलाही बरोबर नेतात असं माझं मत आहे. खोडलेल्या जागी ठप्प करून मारला आणि लिहिलं: 'दुरुस्ती तपासली, बरोबर आहे.'

बुधवारी चोंदम्मा बेंगळुरूची बस धरून गेली. मुलाखतीत काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे नव्हतो. समोर पाच अधिकारी बसले होते. मधल्या बाईंनी अर्ज वाचला, 'पेशंट' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही काय भानगड?" पोरीने सगळं सांगितलं. वालगापर्यंत आली तेव्हा म्हणे एका कर्नलचा टेबलाखालचा पाय उडायला लागला. तो आमच्याच डोंगरातला निघाला.

निवड झाली. जुलैत ती पुण्याच्या कॉलेजात गेली.

मुद्दय्याला आठव्या दिवशीच डिस्चार्ज मिळाला होता, तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला. तो त्याने आतल्या खोलीत दिव्याजवळ लावलाय. अंगठा जागेवर आहे, गोळ्या आता तोच खातो, आणि कोंबड्या पुन्हा गूळ मागतात. कॉफीचा पेला मात्र अजून जोरातच ठेवतो. पलीकडे ऐकू गेला पाहिजे म्हणे.

गोंधळ झाला तो एवढाच, की निघायच्या घाईत ती खाट क्रमांक दोनचा कागद लिहायला विसरली. मी वहिनीला म्हटलं, मी ठणठणीत आहे, वाढ पंदी. तर ती म्हणते, "सिस्टरसाहेबांची सही दाखवा."

पंचांकडे दाद मागितली. त्यांनी नियम वाचून दाखवला. पुण्याला तीन पत्रं लिहिली. पोरीचं एकच उत्तर आलं, कार्डावर, गोल अक्षरात: 'नाडी अजून खोटारडी असेल. सुट्टीत आल्यावर बघते.'

तेव्हा पेज पितोय, निळ्या पायजम्यात. चार वर्षांचा कोर्स आहे. कोणी येणार असाल तर या, पण टोपी मोठी घालून या.